अदलाबदलीच्या बॅटरीवर चालणारी मोटार: घेण्यापूर्वी तिचे भवितव्य कसे पारखावे

रिकामी बॅटरी काढून तीन-चार मिनिटांत भरलेली बॅटरी बसवून देणाऱ्या केंद्रांच्या भरवशावर विद्युत मोटार घ्यायची असेल, तर गाडीइतकीच, किंबहुना गाडीपेक्षा अधिक, पारख त्या केंद्रांच्या जाळ्याची करावी लागते. गाडी मनास उतरली नाही तर ती विकता येते. जाळेच बंद पडले तर मात्र गाडी विकणेही अवघड होऊन बसते. म्हणून येथे गाडीच्या वेगाचा, आसनांचा किंवा पडद्याच्या आकाराचा विचार केलेला नाही. अदलाबदलीची ही पद्धत पुढील सात-आठ वर्षे, म्हणजे एक गाडी साधारणपणे एका मालकाकडे राहते तितका काळ, आपल्या उपयोगी पडेल की नाही, हे स्वतः कसे ठरवावे, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

आधी स्वतःची निकड मोजावी

पहिले काम कागद-पेन्सिलीचे आहे. महिन्यातून किती दिवस गाडी निघते, एका दिवसात ती किती किलोमीटर धावते आणि रात्री कोठे उभी असते, या तीन गोष्टी लिहून काढाव्यात. मध्यम आकाराच्या विद्युत मोटारीला १०० किलोमीटरसाठी साधारण १५ ते २० युनिट वीज लागते. रोजची धाव ५० किलोमीटर असेल तर गरज आठ ते दहा युनिटांची झाली, आणि ती घरच्या ३.३ किलोवॉटच्या साध्या चार्जरवर तीनेक तासांत, आपण झोपेत असतानाच भागते. अशा माणसाला अदलाबदलीचे केंद्र वर्षातून चार-सहा वेळा, लांबच्या प्रवासातच आठवेल. तेवढ्यासाठी गाडीची निवड बदलण्याचे कारण नाही.

याच्या उलट, दिवसाकाठी ३०० ते ४०० किलोमीटर धावणारी टॅक्सी घ्या. तिला रोज साठ-सत्तर युनिट लागतात, ती दोन पाळ्यांत चालते आणि चार्जरला जोडून उभी असलेली प्रत्येक मिनिट ही बुडालेली कमाई असते. ज्यांना रात्री गाडी लावायला स्वतःची जागा नाही, रस्त्याच्या कडेला जेथे मिळेल तेथे ती उभी करावी लागते, त्यांची अडचणही खरी आहे. अदलाबदलीचा विचार गांभीर्याने करावा तो या दोन प्रकारच्या लोकांनी. इतरांनी तो अवश्य करावा, पण सोय म्हणून. आधार म्हणून नव्हे.

ही विभागणी नवी नाही. अमेरिकेतील हार्टफर्ड इलेक्ट्रिक लाइट कंपनीने १९१० च्या सुमारास विद्युत ट्रकांसाठी हीच सेवा सुरू केली होती. ग्राहक बॅटरीविना ट्रक विकत घेई, बॅटरी कंपनीची असे आणि पैसे धावलेल्या अंतरानुसार द्यावे लागत. ही सेवा १९२४ पर्यंत चालली. ती इतकी वर्षे टिकली, कारण गाड्या मालवाहतुकीच्या होत्या, त्या एकाच परिसरात फिरत आणि सर्व बॅटऱ्यांचा मालक एकच होता. या तीन अटी शंभर वर्षांनंतरही फारशा बदललेल्या नाहीत.

जाहिरातीतील मिनिटे बाजूला ठेवून केंद्राची क्षमता काढावी

अदलाबदलीची जाहिरात नेहमी मिनिटांत केली जाते. टेस्लाने जून २०१३ मध्ये मॉडेल एस गाडीची बॅटरी रंगमंचावर दीड मिनिटाच्या आसपास बदलून दाखवली होती. चीनमधील निओ या कंपनीच्या केंद्रांना आज सुमारे तीन मिनिटे लागतात. ही मिनिटे खरी आहेत. परंतु ती समोर एकही गाडी नसताना आणि आत भरलेली बॅटरी तयार असतानाची आहेत. ग्राहकाला जी वेळ लागते ती रांगेची असते आणि रांग किती लागेल हे यंत्राच्या चपळाईवर ठरत नाही.

हिशोब असा मांडावा. एका केंद्रात २० बॅटऱ्या आहेत, त्या सर्व सकाळी भरलेल्या आहेत आणि गाडी आत येऊन बाहेर पडेपर्यंत चार मिनिटे जातात, असे समजू. परत आलेली बॅटरी पुन्हा भरायला दीड तास लागतो. गर्दीच्या वेळी गाड्या एकामागोमाग येत राहिल्या, तर ८० मिनिटांत वीसच्या वीस बॅटऱ्या निघून जातात, आणि पहिली परत आलेली बॅटरी ९४ व्या मिनिटाला तयार होते. एकविसाव्या ग्राहकाला त्यामुळे चौदा मिनिटे थांबावे लागते. त्यानंतरही खोळंबा ओसरत नाही, कारण तासाला १५ गाड्या येत आहेत आणि बॅटऱ्या तयार होत आहेत जेमतेम १३.

याहून महत्त्वाचा आकडा केंद्राच्या वीजजोडणीचा आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही. जोडणीची किलोवॉटमधील क्षमता घ्यावी आणि तिला एका अदलाबदलीत सरासरी जितके युनिट भरावे लागतात त्या संख्येने भागावे. केंद्र तासाला किती गाड्या सतत सांभाळू शकते, त्याची कमाल मर्यादा मिळते. जोडणी ६०० किलोवॉटची आणि प्रत्येक गाडीमागे ५० युनिट, तर तासाला १२ गाड्या. आत बॅटऱ्या कितीही रचून ठेवल्या तरी दिवसभराची सरासरी त्यापुढे जाणार नाही. निओच्या २०२४ मधील चौथ्या पिढीच्या केंद्रात २३ बॅटऱ्या ठेवता येतात आणि दिवसाला ४८० अदलाबदली होऊ शकतात, असे कंपनी सांगते. याचा अर्थ तासाला २० गाड्या. प्रत्येकीला ५० युनिट धरले तर सलग १,००० किलोवॉट वीज हवी. अदलाबदलीने ग्राहकाचा वेळ वाचतो, विजेची गरज मात्र तीच राहते. ती फक्त दिवसभरात पसरवता येते, आणि या पद्धतीचा खरा गुण तोच आहे. रात्री मागणी कमी असताना बॅटऱ्या भरून ठेवाव्यात, संध्याकाळी वाटाव्यात. प्रसंगी त्यांतील वीज तारांमध्ये परतही सोडता येते.

तेव्हा ज्या केंद्रांवर आपली भिस्त राहणार आहे, तेथे गर्दीच्या वेळी स्वतः जाऊन अर्धा तास उभे राहावे. किती गाड्या आल्या, किती ताटकळल्या, कोणाला अर्धवट भरलेली बॅटरी घेऊन जावे लागले का, हे पाहावे. नकाशावर ठिपके मोजण्यापेक्षा हा अर्धा तास अधिक सांगून जातो. ठिपक्यांचा उपयोग एवढाच, की नेहमीच्या लांबच्या रस्त्यावर दोन केंद्रांमधील अंतर गाडीच्या प्रत्यक्ष पल्ल्याच्या निम्म्याहून अधिक नसावे. एक केंद्र दुरुस्तीसाठी बंद असेल तर पुढच्यापर्यंत पोचता आले पाहिजे.

गाडीला दुसरी वाट आहे का, ते पाहावे

बेटर प्लेस या कंपनीची कहाणी या बाबतीत डोळ्यांसमोर ठेवावी. शाय अगासी यांनी २००७ मध्ये ती स्थापन केली, सुमारे ८५ कोटी डॉलरचे भांडवल उभे केले आणि इस्रायल व डेन्मार्क या दोन छोट्या देशांत अदलाबदलीची केंद्रे बांधली. देश छोटे, अंतरे आटोपशीर, कल्पना रेखीव. परंतु त्या केंद्रांत बसणारी मोटार प्रत्यक्षात एकच होती, रेनॉ फ्लुअन्स, आणि तिची बॅटरी होती २२ युनिटांची. दोन्ही देशांत मिळून दोन हजारही गाड्या रस्त्यावर आल्या नाहीत. मे २०१३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ज्यांनी गाड्या घेतल्या होत्या, त्यांच्याकडे उरली ती घरी सहा ते आठ तास लावून भरायची, लहान पल्ल्याची मोटार.

यावरून पडताळणीचा नियम सोपा आहे. अदलाबदलीची सर्व केंद्रे उद्या बंद झाली असे समजावे आणि मग गाडीकडे पाहावे. तिला नेहमीचा वेगवान चार्जर लावता येतो का? ती किती किलोवॉटपर्यंत वीज घेते? त्या प्रदेशात सर्वत्र चालणारा जोड तिला आहे, की कंपनीचा खास? दहा टक्क्यांवरून ऐंशी टक्क्यांवर जायला तिला तास लागत असेल, तर तिचे पुनर्विक्री मूल्य पूर्णपणे त्या एका जाळ्याच्या प्रकृतीवर टांगलेले राहील. चार्जिंगची सोयच नसलेली, केवळ अदलाबदलीवर चालणारी मोटार खासगी वापरासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टॅक्सीच्या ताफ्याने घेतली तर चालेल, कारण ताफ्याला केंद्राशी वर्षांच्या बोलीचा करार करता येतो आणि मोडल्यास भरपाई मागता येते.

करारपत्र वाचावे ते असे

अदलाबदलीच्या बहुतेक योजनांमध्ये गाडी आपली आणि बॅटरी भाड्याची असते. ते साहजिकही आहे. आज बसवलेली बॅटरी आठवड्याने दुसऱ्याच्या गाडीत जाणार असेल, तर तिच्या मालकीचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. टेस्लाने सुरुवातीला नेमका येथेच घोटाळा करून ठेवला होता. प्रवासात बदललेली बॅटरी परतीच्या वाटेवर परत करावी आणि आपली मूळ बॅटरी घ्यावी, नाहीतर दोन्हींमधील फरकाचे पैसे भरावेत, अशी ती योजना होती. कॅलिफोर्नियातील एका प्रायोगिक केंद्रासाठी पहिल्या फेरीत २०० मालकांना आमंत्रणे गेली. चार-पाच जणांनीच रस दाखवला, असे एलॉन मस्क यांनी २०१५ मध्ये सांगितले. शेजारीच वेगवान चार्जर फुकट असताना दुसरे काय होणार होते!

भाड्याचा हिशोब एका भागाकारात होतो. बॅटरी न घेतल्याने गाडीच्या किमतीत जितकी सूट मिळते, तिला मासिक भाड्याने भागावे. इतक्या महिन्यांनंतर सूट संपते आणि भाडे खिशातून जाऊ लागते. निओने ऑगस्ट २०२० मध्ये ही योजना आणली तेव्हा ७० युनिटांच्या बॅटरीसाठी सूट ७०,००० युआन होती आणि महिन्याचे भाडे ९८० युआन. म्हणजे साधारण ७१ महिने, सहा वर्षांना थोडे कमी. मार्च २०२४ मध्ये कंपनीने ७५ युनिटांच्या बॅटरीचे भाडे ७२८ युआनपर्यंत उतरवले, तेव्हा तीच मुदत ९६ महिन्यांवर गेली. भाडे उतरू शकते तसे चढूही शकते. म्हणून भाडे किती वर्षांसाठी गोठवलेले आहे, हे करारात शोधावे. ते कलम नसेल तर वरचा भागाकार निरर्थक आहे. ज्यांची गाडी फार थोडी धावते, त्यांनी हेही लक्षात घ्यावे की गाडी उभी राहिली तरी भाडे थांबत नाही.

आणखी काही कलमे बारकाईने पाहावीत. मिळणाऱ्या बॅटरीची किमान क्षमता किती टक्के असेल, याची लेखी हमी आहे का? नवी गाडी घेऊन पहिल्याच महिन्यात पाच वर्षे जुनी बॅटरी पदरी पडली, तर पल्ला घटतो आणि तक्रारीला आधार हवा असतो. भरलेली म्हणजे किती भरलेली? शेवटचे दहा टक्के भरायला वेळ जास्त लागतो आणि बॅटरी झिजतेही अधिक, त्यामुळे काही केंद्रे ती काठोकाठ भरत नाहीत. परत केलेल्या बॅटरीत शिल्लक असलेल्या विजेचे पैसे वजा होतात का, की प्रत्येक अदलाबदलीला ठरावीक रक्कम आहे? गाडीच्या तळाला दगड लागून बॅटरीच्या कवचाला पोचा आला तर तो कोणाच्या माथी, आणि तो आपल्या हातून आला की आधीच्या वापरकर्त्याच्या, हे कसे ठरणार? केंद्रावर प्रत्येक वेळी तळाची छायाचित्रे घेतली जात असतील तर हा वाद मिटतो. विमा गाडीचा असतो, बॅटरी दुसऱ्याची असते. अपघातात दोन्ही गेल्या तर भरपाई कोणाला किती, हे विमा कंपनीकडून लिहून घ्यावे. आणि गाडी विकताना बॅटरीचा करार नव्या मालकाच्या नावावर होतो का, की त्याला बॅटरी विकत घेणे भाग पडते, हा प्रश्न आज बिनमहत्त्वाचा वाटला तरी सहा वर्षांनी गाडीची किंमत तोच ठरवील.

वेगवान चार्जिंगच्या शर्यतीकडे कसे पाहावे

अदलाबदलीचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी आता पेट्रोल राहिलेला नाही. तो चार्जरच आहे. मार्च २०२५ मध्ये बीवायडी या चिनी कंपनीने १,००० किलोवॉटपर्यंत वीज घेणारी रचना जाहीर केली, आणि पाच मिनिटांत सुमारे ४०० किलोमीटरचा पल्ला भरता येईल, असे सांगितले. पुढच्याच महिन्यात बॅटरी बनवणाऱ्या सीएटीएलने आपल्या नव्या बॅटरीसाठी पाच मिनिटांत ५२० किलोमीटरचा दावा केला. चार्जिंग पाच मिनिटांवर आले तर तीन मिनिटांच्या अदलाबदलीचे आकर्षण ते काय उरले, असे कोणीही म्हणेल.

हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. ६० युनिट पाच मिनिटांत भरायचे तर सरासरी ७२० किलोवॉट लागतात, आणि अशी चार गाड्यांची जागा एकाच वेळी चालवायची तर जोडणी तीन हजार किलोवॉटच्या घरात जाते, किंवा मध्ये वीज साठवणारी मोठी बॅटरी बसवावी लागते. म्हणजे चार्जिंग केंद्रही शेवटी बॅटऱ्यांचे कोठारच होते. फरक इतकाच की तेथील बॅटरी गाडीत जात नाही. गाडीतील बॅटरीवरही ताण पडतो. उष्णता वाढते, ती काढून टाकण्याची यंत्रणा मोठी करावी लागते, आणि थंडीत घाईने वीज भरली तर धातुरूप लिथियम बॅटरीच्या आतील ऋण बाजूवर (ऋणाग्रावर) साचून क्षमता कायमची घटते. केंद्रात ठरावीक तापमानाला, तास-दीड तास घेऊन भरलेली बॅटरी या जाचातून सुटते. परंतु हा लाभ प्रामुख्याने बॅटरीच्या मालकाचा आहे, आणि तो आपल्या भाड्यात किती उतरतो, ते तपासल्याशिवाय त्याला भुलू नये.

दुसरीकडे, गाड्यांची घडणच अदलाबदलीच्या विरुद्ध दिशेने जात आहे. वजन आणि खर्च वाचवण्यासाठी अनेक निर्माते बॅटरीला गाडीच्या सांगाड्याचा भाग करीत आहेत. टेस्लाच्या काही मॉडेल वाय गाड्यांत आणि बीवायडीच्या सील गाडीत तसे केले आहे. अशी बॅटरी खालून चटकन काढता येत नाही. जी गाडी अदलाबदलीसाठी घडवायची, तिच्यात चारशे-पाचशे किलोच्या बॅटरीसाठी स्वतंत्र कवच, पुन्हा पुन्हा उघडझाप सोसणारे कुलूप, उच्च दाबाच्या विजेचा आणि शीतकाचा, म्हणजे बॅटरी थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, जोड, हे सारे जादा वाहून न्यावे लागते.

मग भवितव्य कशावर ठरेल? माझ्या मते, एकाच बॅटरीत किती कंपन्यांच्या गाड्या वाटेकरी होतात, यावर. एका कंपनीची केंद्रे एका कंपनीच्या गाड्यांसाठी, ही रचना खर्चाला भारी पडते, कारण गाड्यांपेक्षा बॅटऱ्या अधिक लागतात आणि जादा बॅटऱ्यांचे पैसे रिकाम्या कोठारात अडकतात. सीएटीएलने डिसेंबर २०२४ मध्ये दोन ठरावीक मापांच्या बॅटऱ्या जाहीर केल्या आणि निरनिराळ्या निर्मात्यांना त्यांभोवती गाड्या घडवायला सांगितले. मार्च २०२५ मध्ये तिने निओशी हातमिळवणी केली. चीनमध्ये अदलाबदलीच्या सुरक्षेचे राष्ट्रीय मानक नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहे, आणि आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाचे आयईसी ६२८४० हे मानकही आहे. पण सुरक्षेचे मानक वेगळे आणि मापाचे वेगळे. कुलूप किती भक्कम असावे हे ठरले, म्हणून दोन गाड्यांना एकच बॅटरी बसते असे नाही. त्यामुळे विक्रेता मानकाचे नाव घेईल तेव्हा एकच प्रश्न विचारावा: या केंद्रातील हीच बॅटरी दुसऱ्या कोणत्या निर्मात्याच्या कोणत्या गाडीत आज बसते? उत्तरात दोन-तीन नावे आली तर जाळे टिकण्याची शक्यता बरी. उत्तर ‘लवकरच’ असे आले, तर ते नाही समजावे.

पद्धतीच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायला हवी. गाडी जुनी होते तशी बॅटरीचे रसायन सुधारत जाते, आणि अदलाबदलीच्या गाडीला त्या सुधारणेचा लाभ मिळू शकतो. निओच्या सुरुवातीच्या, ७० युनिटांच्या गाड्यांना पुढे १०० युनिटांची बॅटरी घेता आली. हा लाभ घ्यायचा असेल तर नवी बॅटरी जुन्या गाडीत बसेल, असे बंधन निर्मात्याने लेखी स्वीकारले आहे का, ते पाहावे. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांना डिजिटल पारपत्र सक्तीचे होत आहे. तशी नोंद सर्वत्र रुळली, तर आज हाती आलेल्या बॅटरीचे वय आणि प्रकृती ग्राहकाला तपासता येईल, आणि परक्या बॅटरीविषयीची स्वाभाविक धास्ती बरीच कमी होईल.

गाडी घेतल्यावर

पहिल्या काही अदलाबदली घाई नसताना कराव्यात. केंद्रावर जाण्यापूर्वी तळाला चिकटलेला चिखल किंवा बर्फ धुवून काढावा, कारण यंत्राला खुणा दिसल्या नाहीत तर ते काम थांबवते. तळाला बाहेरून कोणतेही संरक्षक पत्रे बसवू नयेत. गाडीतील सामान नीट बांधलेले असावे; गाडी उचलली जाते आणि थोडी हलते. मुख्य वीज तुटते तेव्हा वातानुकूलन काही क्षण बंद पडते, त्यात काही बिघाड नाही. बाहेर पडण्यापूर्वी पडद्यावर बॅटरीची पातळी, अंदाजित पल्ला आणि शीतकाविषयीची सूचना पाहावी, आणि गाडी शंभर मीटर गेल्यावर खालून खडखड आली तर लगेच परत फिरावे.

पहिले तीन महिने एक वही ठेवावी. तारीख, केंद्र, रांगेत गेलेली मिनिटे, मिळालेल्या बॅटरीची टक्केवारी आणि पुढच्या अदलाबदलीपर्यंत प्रत्यक्षात धावलेले अंतर, एवढेच लिहावे. भाडेकरार नूतनीकरणाला येईल तेव्हा किंवा किमान क्षमतेची हमी मोडल्याची तक्रार करायची वेळ येईल तेव्हा, कंपनीच्या आकड्यांसमोर ठेवायला स्वतःचे आकडे हाताशी असतील.